कळ्ळं, अप्पा

माझा डावा डोळा एका म्हाताऱ्यानं काठीनं फोडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना 'अगं बाई, आता काय होतंय' करत बसायला नको. होऊन गेलंय. डोळा पूर्ण गेला नाही आणि पूर्ण परतही आला नाही. उजेड कळतो, समोर माणूस उभा आहे एवढं कळतं. माणूस हसतोय की दात विचकतोय, ते उजव्या डोळ्याला विचारावं लागतं.

मी सुमन. मूळची बार्शीकडची, लग्न होऊन सोलापुरात आले ती इथलीच झाले. नवरा वारला, मुलगा नागेश गाड्यांच्या गॅरेजात आहे, सून रेश्मा घरी शिलाई करते. मी घरोघरी जाऊन म्हातारी माणसं सांभाळते. कुणी आया म्हणतं, कुणी मावशी, कुणी नुसतंच 'त्या बाई'. हे मी बोलतेय आणि रेश्मा मोबाइलवर टाइप करतेय. मधेच ती तिच्या मनाचं गोडगोड घालते, ते मी काढायला लावते. ज्यांच्या घरातलं म्हातारं माणूस अंगावर धावून येतं त्यांच्यासाठी हे आहे, आणि जी बाई तो मार खाते तिच्यासाठीही.

या कामात मार असतो

कामाला लावताना हे कुणी सांगत नाही. 'आजोबा लई शांत आहेत हो, नुसतं खाऊ-पिऊ घालायचं,' असं सांगतात, आणि शांत आजोबा पहिल्याच आठवड्यात संडासात मनगट पिरगाळतात. एका रिटायर शिक्षिकेनं माझा दंड असा दातांत धरला होता की तिच्या सुनेनं नाक दाबलं तेव्हा तोंड उघडलं. एका आजीनं उकळता चहा फेकला, तो मानेवरून पाठीत उतरला, झंपर भिजवून भिजवून सोडवावा लागला. आमच्यातल्या एकीच्या कानातलं डूल म्हाताऱ्यानं मुठीत धरून ओढलं, कानाची पाळी खालपर्यंत फाटली. तेव्हापासून मी कानात काही घालत नाही. केस वर बांधते, नखं बारीक ठेवते, माझी आणि त्यांचीही.

आणखी एक युक्ती आहे. म्हाताऱ्या माणसाचा हात मोकळा राहिला की तो आधी आपले केस धरतो. म्हणून टॉवेलची घट्ट वळकटी करायची आणि मुठीत द्यायची. मुठीला काम मिळालं की माणूस थोडं निवतं. मी या कामाआधी टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला होते, त्यामुळं वळकटी मला डोळे मिटूनही जमते. हे तेव्हा मी सहज म्हणायचे.

मग असलं काम का करतेस बाई? हा प्रश्न मला शेजारणींनी विचारला, पोटच्या पोरानं विचारला, पुढं पोलिसानं विचारला. आमच्यातली एक म्हणते, घरात दारुडा नवरा आहे, दिवसभर बाहेर राहायला कारण हवं. दुसरी म्हणते, आईची सेवा घडली नाही, ती इथं करते. माझं वेगळं आहे. कारखान्यात टॉवेल यायचा, काठ घालायचा, पुढं सरकवायचा. मला कुणी शिवी दिली नाही आणि नावानं हाकही मारली नाही. मग ओळखीतून एका म्हातारीकडं गेले. तिनं दारातच 'ही कुठली काळतोंडी आणली' म्हणून तोंड सोडलं. मीही सोडलं. दोघी मन भरेपर्यंत भांडलो, आणि संध्याकाळी ती माझ्या हातनं वाटीभर भात जेवली. घरी येताना मला इतकं बरं वाटत होतं की मी रस्त्यात एकटीच हसले. मी भांडकुदळ आहे. लोकांना वाटतं, हे काम कनवाळू बायांचं. कनवाळू बाया महिन्याभरात रडत पळतात, बघितल्यात मी.

अप्पा

अप्पांचं घर बाळीवेशीत. मूळचे मैंदर्गीचे, जन्मभर सोलापुरात कापडाचं दुकान केलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, उंचेपुरे, हाडानं मजबूत. चालताना काठी लागायची, तिच्या टोकाला पितळी टोपण. घरात कानडी, दुकानात मराठी, असं त्यांचं आयुष्य गेलं. मग विसरायचा आजार लागला. आधी माणसांची नावं गेली, मग मराठी गेली. त्यांचा मुलगा मल्लूअण्णा मला म्हणाला, "मावशी, अप्पांची मराठी पुसून गेली बघा. आता आतली भाषा तेवढी राहिली." मला तर कानडी ओ की ठो कळत नाही.

पण भाषेवाचून माझं काही अडत नाही असा माझा तोरा होता. म्हातारं माणूस काहीही बोलू दे, आपण मान हलवायची आणि म्हणायचं, कळलं, कळलं. आपलं म्हणणं कुणाला तरी कळलं, एवढ्यावर माणूस गप होतं. घाईत आमच्या तोंडून त्याचं 'कळ्ळं' होतं. कळ्ळं अप्पा, कळ्ळं. दिवसभर माझ्या तोंडाला तेच.

अप्पांवर त्याचा उलटाच परिणाम व्हायचा. मी कळ्ळं म्हटलं की ते ताठ व्हायचे. दाराकडं बघायचे, वाकून खाटेखाली बघायचे, काठी जवळ ओढायचे. मला वाटायचं, आजार वाढतोय. मग मी आणखी जवळ जाऊन, आणखी मोठ्यानं, आणखी मायेनं म्हणायची, "कळ्ळं हो अप्पा, कळ्ळं!"

त्या दुपारी

जेवणं झाली होती. मल्लूअण्णा दुकानात. त्यांची बायको महादेवीवहिनी स्वयंपाकघरात मिक्सर लावून शेंगाचटणी करत होत्या. अप्पांची लुंगी ओली झाली, ती मी बदलत होते. त्यांना ते आवडलं नाही. त्यांनी कोपर माझ्या छातीत घातलं, मी लुंगी सोडली नाही. ते मोठमोठ्यानं काहीतरी सांगायला लागले. मिक्सर घरघरतोय, ते ओरडतायत, मग मीही ओरडले, "कळ्ळं! कळ्ळं अप्पा! कळ्ळं!"

त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. मागं आरशाचं कपाट होतं. ज्यांना उठवायला दोन माणसं लागायची, ते अप्पा एका झटक्यात उठले. हातात काठी. मी बाजूला व्हायला गेले ती नेमकी मधे आले. पितळी टोपण डाव्या डोळ्यावर बसलं. मला आवाज आला तो डोक्याच्या आतून आला, ओली फांदी मोडावी तसा. भुवई फुटली, गरम रक्त तोंडात आलं, मी खाली बसले. अप्पा माझ्याकडं बघून गरजले, "अंजब्याड! अंजब्याड!" मला वाटलं, आईवरून घाणेरडी शिवी दिली.

मग ते मला ओलांडून गेले आणि त्यांनी आरसा फोडला. काचा माझ्या डोक्यावर, पाठीवर पडल्या. आरसा संपला तरी ते मागच्या फळीवर मारतच होते. अनवाणी पायांनी काचांवर उभे राहून मारत होते, फरशी त्यांच्या आणि माझ्या रक्तानं एकच झाली. मला जवळ प्लास्टिकचा मग सापडला. तो मी त्यांना फेकून मारला, कानावर बसला. हाताला वरवंटा लागला असता तर तोही फेकला असता. वहिनी धावत आल्या, किंचाळल्या, आणि मिक्सर आत तसाच चालू होता.

बोटं किती?

भुवईला टाके पडले. डोळ्यातलं रक्त बसेपर्यंत थांबावं लागलं, मग मोठ्या तपासणीला नेलं. डॉक्टर तरुण पोरगी होती. तिनं उजवा डोळा झाकला आणि विचारलं, "बोटं किती?"

मी म्हटलं, "कुठली बोटं?"

तिनं हात जवळ आणला असणार, कारण तिच्या हाताचा औषधी वास आला. मग ती म्हणाली, "मावशी, डोळ्याचा पडदा आतून सुटलाय. ऑपरेशन करू या. पण किती दिसेल, ते मी आज सांगू शकत नाही."

मी विचारलं, "सुईत दोरा ओवता यील का?" कारखाना सोडून इतकी वर्षं झाली, तरी तेच तोंडात आलं.

नागेश माझ्यामागं उभा होता. तो तसाच बाहेर गेला. तो थेट मल्लूअण्णाच्या दुकानात गेला हे मला रेश्मानं नंतर सांगितलं. गिऱ्हाइकांसमोर त्यानं मल्लूअण्णाची गचांडी धरली, काचेच्या कपाटाला लाथ घातली, कापडाचे तागे रस्त्यावर फेकले. शेजारच्या दुकानदारांनी ओढून काढला तेव्हा तो म्हाताऱ्याचे हात तोडायला घराकडं पळाला. संध्याकाळी माझ्याजवळ आला तेव्हा बोटांची सालटं निघाली होती.

"मारलंस का म्हाताऱ्याला?" मी विचारलं.

"न्हाई."

"का?"

"त्याला खाटंला बांधून घातलंय, आई. दोनी हात. साडी फाडून पट्ट्या केल्यात."

"बरं झालं," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. रेश्मा म्हणतेय हे काढू या. राहू दे.

पालथी

ऑपरेशन करताना माणूस जागं असतं. दुखत नाही, पण ओढाताण कळते, डॉक्टर काय बोलतात ते ऐकू येतं. पडद्याला आतून दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो, म्हणून माझं तोंड खाली. जेवताना खाली, झोपताना खाली, संडासला जाताना खाली. डॉक्टरणीनं दम दिला, "मान वर केलीत तर पडदा सुटेल, मग माझ्याकडे येऊ नका." घरी माझ्यानं हे होणार नाही हे तिनं ओळखलं आणि मला वॉर्डातच ठेवून घेतलं.

त्या दिवसांत मी माणसं पायांवरून ओळखायला शिकले. पांढरे बूट म्हणजे नर्स, चपलेचा तुटका अंगठा म्हणजे झाडूवाला, ग्रीसनं काळी नखं म्हणजे माझा नागेश. मान ताठून दगड व्हायची. गाल सुजून लोंबायचे. लाळ गळायची ती पुसायला दुसऱ्याचा हात. आणि डोक्यात एकच चाललेलं. मी अप्पांची काठी घ्यायची आणि त्यांना हाणायची. पहिल्यांदा बोटांवर, मग गुडघ्यांवर. बांधलेला माणूस हात वर करू शकत नाही हे मला माहीत होतं, आणि त्याची मजा वाटत होती. जपमाळ ओढावी तसं मी ते रोज मनात करायचे.

एका सकाळी रेश्मा माझी पाठ ओल्या फडक्यानं पुसत होती. पाणी गार लागलं. एवढंच झालं. मी हात मागं फेकला, तो तिच्या नाकावर बसला. फरशीवर माझ्या नजरेसमोर रक्ताचे थेंब पडले, टप टप. मी वर बघायला गेले तर तिनं माझं डोकं दाबून धरलं.

"आत्या, मारायचं तर मारा. पन मुंडी वर करू नका."

हे बोलणं माझं होतं. मी इतकी वर्षं घरोघरी हेच बोलत आले होते, मारा पण पडू नका, मारा पण गोळी गिळा. ते पालथं पडून कसं ऐकू येतं हे मला पहिल्यांदा कळलं. लाज वाटते, चीड येते, आणि त्या बाईनं जाऊ नये असं लई वाटतं. रेश्मानं नाक पदरानं दाबलं, टॉवेलची वळकटी केली आणि माझ्या मुठीत कोंबली. कुणाकडनं शिकली म्हणून विचारायची सोय नव्हती. ती मूठ आवळून मी दुपारपर्यंत रडले.

जबाब घ्यायला हवालदार आला तोही मला पायांवरूनच भेटला. नागेशनं त्याला बोलावलं होतं. त्यानं सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, "बाई, कशाला करायचं असलं काम?"

"तुमी कशाला करता?" मी फरशीला विचारलं.

तो हसला. सही नंतर घेतो म्हणाला, मान वर झाली की.

गंगव्वा

शेजारच्या खाटेवर मोतीबिंदूवाली म्हातारी आली. तिचे पाय आधी आले. भेगाळलेल्या टाचा, झिजलेली जोडवी. गंगव्वा तिचं नाव, मैंदर्गीची. मराठी बोलायची पण कानडी हेल काढून. माझी दशा बघून तिनं कडक भाकरीचे तुकडे चटणीत बुडवून खाटेखालून माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. "खा तंगी, खा." तंगी म्हणजे धाकटी बहीण. मार खाल्ल्यापासून पहिल्यांदा मला चव लागली ती त्या चटणीची.

एकदा नर्स दारातनं ओरडली, "मावशी, मान खाली! ड्रॉप टाकल्यावर हलायचं नाही, सांगितलंय ना!"

मी वैतागून ओरडले, "कळ्ळं गं बाई! कळ्ळं! कळ्ळं!"

गंगव्वाचे पाय एकदम खाटेवर गेले. तिचं बोचकं ओढल्याचा आवाज आला. "यल्ली? यल्ली कळ्ळ? कुटं हाय?"

"काय कुटं हाय?"

"चोर गं! तूच की वरडायलीस, चोर चोर म्हणून!"

सगळा वॉर्ड हसला. गंगव्वाही हसली, मग तिनं सांगितलं की कानडीत कळ्ळ म्हणजे चोर. घरात चोर शिरला की त्यांच्याकडं हेच ओरडतात, कळ्ळ, कळ्ळ. मीही पोट दुखेपर्यंत हसले. हसता हसता माझं हसणं आपोआप बंद पडलं.

मी विचारलं, "गंगव्वा, अंजब्याड म्हणजे कसली शिवी?"

"शिवी? शिवी न्हवं गं. अंजब्याड म्हंजे भिऊ नको."

मी फरशीकडं बघत राहिले. कित्येक महिने मी त्या माणसाच्या घरात, त्याच्या कानाशी, रोज चोर चोर म्हणून ओरडत होते. तो बिचारा दार बघत होता, खाट बघत होता, काठी जवळ घेत होता. त्या दुपारी मी जिवाच्या आकांतानं ओरडले, त्यानं वर बघितलं, आणि माझ्या पाठीमागं आरशात एक उंच परका म्हातारा उभा दिसला. अप्पांना आरशातले अप्पा आता ओळखू येत नव्हते. त्यांनी चोरावर काठी उगारली, मधे मी आले. मी पडले तेव्हा ते मला म्हणाले, भिऊ नको. आणि मग काचांवर अनवाणी उभं राहून चोराला मारत राहिले.

"काय झालं गं तंगी?" गंगव्वा विचारत होती.

भांडण

पट्टी निघाली. उजेड दिसला, खिडकीचा चौकोन दिसला. डॉक्टरीण खूश झाली आणि लगेच रागावूनही बोलली, "या डोळ्याला आता धक्का लागता कामा नये. पुन्हा मार बसला तर हेही जाईल. ते काम सोडा."

घरी आल्यावर मी नागेशला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, जबडा आवळत होता. मग त्यानं समोरचा स्टीलचा डबा उचलून भिंतीवर आपटला. पोहे घरभर झाले.

"म्हंजे आता तुजीच चूक म्हन की!"

"चूक कुनाचीबी न्हाई रे."

"चोर समजून मारू दे न्हाईतर आनिक काय समजून. डोळा कुनाचा गेला? त्याचा? मल्लूचा?"

पोरगं खरं बोलत होतं.

"सही कर," तो म्हणाला. "हवालदार उद्या येतोय."

"न्हाई करत."

"मग तू जानार. मला ठावं हाय, तू तितं परत जानार. गेलीस तर माझं तोंड बघू नको, सांगून ठेवतो."

"एकाच डोळ्यानं बघायचंय, तेबी बंद करतोस व्हय रे?" मी म्हटलं. तो बाहेर गेला आणि दाराला लाथ मारून गेला. रेश्मा पोहे वेचत बसली.

मी मल्लूअण्णाला फोन लावला. तो आधी माफीच मागत राहिला. म्हणाला, तुम्ही तक्रार करा, आमची ना नाही, अप्पांना परवा बाहेरगावी ठेवतोय, असल्या पेशंटला कोंडून ठेवतात तिथं, इथं कुणी बाई टिकेना, हात सोडले की सगळ्यांना मारतात. मी त्याला कळ्ळं सांगितलं, अंजब्याड सांगितलं.

"रोज ऐकत होतो मावशी," तो म्हणाला. "आमच्या कानाला दोन्ही भाषा. तुम्ही बोललात की आम्हाला मराठीच ऐकू यायचं."

मग तो फोनवरच हुंदके देऊन रडला. मोठा कापड दुकानदार, पण मुलगाच की तो.

दुसऱ्या दिवशी मी साडी बदलली आणि चपला घातल्या. काळा चष्मा लावला. रेश्मानं डबा भरून हातात दिला. नागेश दारात गाडी चालू करून उभा होता.

"बस मागं," तो म्हणाला. "म्हाताऱ्यानं हात उचलला तर मी त्याला जित्ता सोडनार न्हाई. आधीच सांगतो."

बा

अप्पा निम्मे झाले होते. विभूती लावली होती पण दाढी वाढलेली. दोन्ही मनगटं साडीच्या पट्ट्यांनी खाटेच्या दांड्याला बांधलेली, खाली कातडं सोलून ओलं झालेलं. पायांना काचांच्या जखमांवर पट्ट्या. कपाटाला नवा आरसा बसवला होता. मी आधी कपाटाकडं गेले आणि आरशावर चादर टाकली. महादेवीवहिनी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. नागेश दारात, हातात हेल्मेट पट्ट्यानं धरलेलं, मारायला धरतात तसं.

मी पट्ट्यांच्या गाठी सोडायला लागले. कळ्ळं जिभेवर आलं होतं, ते गिळलं. मग म्हटलं, "अंजब्याड, अप्पा. अंजब्याड."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. उजवा हात सुटला आणि वर आला. मी मागं सरले, खोटं कशाला सांगू, माझं अंगच मागं सरलं. नागेश खोलीत दोन पावलं आत आला. अप्पांच्या बोटांनी माझा काळा चष्मा धरून खाली ओढला. भुवईवरची शिवण त्यांनी बघितली, पांढुरका डोळा बघितला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"यार होडद्रु?"

हे मला गंगव्वानं शिकवलेलं नव्हतं. तरी कळलं. कुणी मारलं?

मी म्हटलं, "कळ्ळ."

अप्पांनी दात खाऊन एक शिवी दिली. ही मात्र खरी शिवी होती, वहिनींनी तोंडावर पदर घेतला. मग त्यांची नजर खोलीभर फिरली, आणि दारातल्या दांडग्या पोरावर थांबली. त्याच्या हातात हेल्मेट.

"कळ्ळ?" त्यांनी बोट दाखवून विचारलं.

"काय म्हनतोय?" नागेश म्हणाला.

"तुला चोर म्हनतायत," मी म्हटलं. "अल्ल अप्पा, अल्ल. नन्न मग." नाही, माझा मुलगा आहे. एवढी कानडी गंगव्वानं दिली होती मला, जाताना, चटणीच्या पुडीबरोबर.

अप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "बा," ते म्हणाले. ये. नागेश जागचा हलला नाही.

मग अप्पांनी माझ्यापुढं हात पसरला. "बडिगी." वहिनी घाईनं म्हणाल्या, "काठी मागतायत, मावशी, देऊ नका!" काठी तर त्यांनी माळ्यावर टाकली होती. मी खुंटीवरचा टॉवेल घेतला, मांडीवर घेऊन जितकी घट्ट होईल तितकी वळकटी केली. बांधायला काही हवं होतं. खाटेवर साडीच्या पट्ट्या पडल्याच होत्या. त्याच दोन्ही बाजूंनी करकचून बांधल्या आणि वळकटी अप्पांच्या मुठीत दिली.

त्यांनी ती पेलून बघितली. मग कण्हत, दोन्ही हातांनी जोर करत खाटेच्या काठाला सरकले, मला हातानं पाठीमागं सारलं, आणि दाराकडं तोंड करून बसले.

"कुंड्र," ते मला म्हणाले. बस.

मी त्यांच्या पाठीमागं भिंतीला टेकून बसले. त्यांच्या सदऱ्याला घामाचा आणि विभूतीचा वास येत होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी रेश्मानं दिलेला डबा उघडला आणि भाकरी मोडली.

नागेश अजून दारातच होता. अप्पा त्याच्याकडं बघत होते, वळकटी गुडघ्यावर ठेवून.

"अंजब्याड," ते मागं न बघता म्हणाले.

नागेशनं हेल्मेट खाली ठेवलं.